आईचं कबुलीपत्र

माझं अक्षर चांगलं आहे असं मला शाळेपासून इतक्या जणांनी सांगितलं की त्यापलीकडे आपल्यात आणखी काही चांगलं आहे का, हे बघायचं मी विसरूनच गेले. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे मी बारा वर्षं कामाला आहे. मशीन कोणीही चालवेल. मला मालकांनी ठेवलंय ते अर्ज लिहायला. कोणाला रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं असतं, कोणाला सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात, कोणाचा दाखला हरवलेला असतो. माणूस समोर उभा राहून अडखळत काहीबाही सांगतो आणि मी त्याच्या वतीने लिहिते, 'मी खाली सही करणार, स्वखुशीने लिहून देतो की'. स्वखुशी असतेच असं नाही. पण तसं लिहायची पद्धत आहे, आणि पद्धत म्हटली की मला बरं वाटतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी एका माणसावर बराच राग काढणार आहे. राग खरा आहे. पण माझ्यासारखी माणसं हाताशी नसती तर त्याचं एवढं काही चाललं नसतं.

तो माणूस म्हणजे आमच्या मंडळीचा पास्टर. कुरवंड्याच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या नर्सरीच्या जागेत पत्र्याची शेड आहे, तिथे आमची रविवारची उपासना व्हायची. साठ-सत्तर माणसं. बंगल्यांवर राखणदारी करणारी, हॉटेलात चादरी बदलणारी, चिक्कीच्या कारखान्यात दाणे निवडणारी. बहुतेक आमच्यासारखीच, मावळातल्या शेतकरी घरांतून आलेली. कुठल्या मोठ्या चर्चशी आमचा संबंध नव्हता. पास्टरच्या वर कोणी नव्हतं, देव सोडून, आणि देवाचं म्हणणं आम्हाला पास्टरकडूनच कळायचं.

आम्ही तिथे का गेलो हेही सांगायला हवं, नाहीतर आम्ही नुसतेच मूर्ख ठरू. माझे वडील दारू प्यायचे. प्यायल्यावर आईला मारायचे. एका बाईने आईला त्या शेडमध्ये नेलं आणि दुसऱ्या दिवसापासून पास्टर आमच्या घरी यायला लागला. सलग चाळीस दिवस आला. वडिलांच्या शेजारी जमिनीवर बसायचा, त्यांचा हात धरायचा, त्यांची ओकारी स्वतःच्या हाताने पुसायचा. वडील सुटले. पुढे चार वर्षं जगले आणि त्या चार वर्षांत त्यांनी आईवर एकदाही हात उगारला नाही. आई म्हणायची, "माझं खरं लगीन त्या चार वर्सांत झालं." आईने बाप्तिस्मा घेतला, मग मीही घेतला. ते सगळं खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि हीच तर पंचाईत आहे.

आईला वाचता येत नाही. पण भजनं तिला सगळी पाठ, आणि आवाज असा की ती सूर धरायची आणि शेड मागोमाग यायची. पेटी नसली तरी चालायचं. उपासना सुरू करताना पास्टर पुस्तक मिटून तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, आई, घ्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बंगल्यांच्या फरशा पुसलेल्या बाईला साठ माणसांपुढे पहिला सूर धरायला मिळत होता. रविवारी ती पहाटेच उठून पांढऱ्या साडीला इस्त्री करायची.

बाकी नियम होते. कुंकू नाही, बांगड्या नाहीत, मंगळसूत्र नाही. टीव्ही नाही. नातेवाइकांच्या लग्नात अक्षता टाकायच्या नाहीत, पंगतीला बसायचं नाही. शेजारी आरती चालू झाली तर आपली खिडकी लावून घ्यायची. घर बदलायचं, नोकरी बदलायची, गावाला जायचं, सगळ्याला परवानगी. माझी दोन स्थळं त्याने 'आत्मिक नाहीत' म्हणून परत पाठवली. त्यातला एक तळेगावला कंपनीत होता, सोमाटण्याला घर होतं, हसला की डोळे बारीक व्हायचे. मी रडले आणि मग देवाचे आभार मानले, वाचवलंस म्हणून. आता चिडायला होतं, पण तेव्हा मी खरंच मनापासून आभार मानले होते.

आणि वही होती. दर शनिवारी प्रत्येकाने आठवड्याची वही लिहून द्यायची. किती वेळ प्रार्थना केली, कोणतं पाप झालं, आणि शेवटी, घरात काय पाहिलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वह्या मी लिहायचे. माझी वही पास्टर इतरांना दाखवायचा, बघा, असं लिहावं, काही लपवू नये. मी फुलून जायचे. खरं सांगायची मला आवड आहे असं मी समजत होते. खरं म्हणजे मला पैकीच्या पैकी मार्क मिळवायची आवड होती.

आता मामाबद्दल. आईला एकच भाऊ, आंदर मावळात भातशेती करणारा. आम्ही मंडळीत गेल्यापासून आईची भाऊबीज बंद झाली, कारण ओवाळणं म्हणजे मूर्तिपूजा. पण मामाची बंद झाली नाही. दर भाऊबीजेला तो पिशवीत तांदूळ घेऊन यायचा, दोन मैल चालून, जीप पकडून, लोकलने. दारातल्या खुर्चीवर बसायचा. आई चहा द्यायची. तो चहा प्यायचा, गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ थांबायचा, कोणी काही करत नाही हे बघून उठायचा. असं नऊ वर्षं. एकदाही त्याने काही बोलून दाखवलं नाही. मला तेव्हा वाटायचं की मामा अजून अंधारात आहे, बिचारा.

तो श्रावणात गेला. लावणी आटपून घरी आला आणि ओट्यावर बसल्या बसल्या गेला. मातीला आम्ही पोचलोच नाही, परवानगी मिळेपर्यंत उरकलं होतं. दहाव्याला जायची परवानगी मिळाली ती अटींवर. लांब उभं राहायचं, कशाला हात लावायचा नाही, तिथलं जेवायचं नाही. मी डब्यात आमची पोळी-भाजी घेतली होती.

नदीकाठी सगळा गाव होता. मुंडणं झाली, पिंड ठेवला, माणसं मागे सरकली. कावळे झाडावर होते पण एकही खाली येईना. मामाच्या मुलाने हात जोडून सांगितलं, आईला नीट सांभाळीन. कावळा नाही. पुतण्याने सांगितलं, बांधाचं भांडण मिटवतो. कावळा नाही. बायका कुजबुजायला लागल्या की कशात तरी जीव अडकलाय. अर्धा तास होऊन गेला. मी घड्याळ बघत होते, कारण जीप चुकली असती.

आई माझ्या शेजारी होती, सांगितल्याप्रमाणे लांब. मला कळायच्या आत ती चालायला लागली. पिंडापाशी जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि अगदी घरात बोलावं तसं बोलली. "दादा, मी हितं हाय. येत्या भाऊबीजेला तुझ्या दारात येऊन तुला ववाळीन. शबूद हाय माझा."

कावळा आला. एक आला, मग चार आले. मामी मटकन खाली बसली. माझ्या अंगावर काटा आला, आणि पुढच्याच क्षणाला मला आठवलं की हे वहीत लिहायचं आहे.

परत येताना जीपमध्ये आई बाहेर बघत होती. तिचा चेहरा इतका मोकळा मी वडील गेल्यानंतर पाहिला नव्हता. शनिवारी मी वहीचं शेवटचं कलम लिहिलं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. भाऊबीजेचा शब्दसुद्धा जसाच्या तसा लिहिला. मला वाटलं पास्टर आईला बोलावून समजावेल, तिच्यासाठी प्रार्थना करेल. हे मी स्वतःला आजही सांगते. पण लिहिताना मला थोडं बरंही वाटलं होतं, हेही खरं आहे.

रविवारी त्याने आईचं नाव घेतलं. मृतांशी बोलली, आणि मूर्तिपूजेची प्रतिज्ञा केली. शिस्त लागू. म्हणजे तिने शेवटच्या रांगेत, चपलांपाशी बसायचं. तिला कोणी जय ख्रिस्त म्हणायचं नाही. भजन धरायचं नाही. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून तिथल्या तिथे काढलं, म्हणजे माझ्याच फोनमधून मीच काढलं, कारण ग्रुप मी सांभाळायचे. आणि अशा माणसाबरोबर जेवायलाही बसू नये असं शास्त्रात आहे, ते त्याने काढून दाखवलं. लेखी कबुली देऊन पश्चात्ताप केला की सगळं परत मिळेल.

आमचं घर दोन खोल्यांचं. वडील गेल्यापासून आम्ही दोघी एकाच ताटात जेवायचो. भाकरी मोडून मधे ठेवायची, कालवण एका वाटीत. मी पास्टरला विचारलं की घरात बोलायचं की नाही. तो म्हणाला, आवश्यक तेवढंच. आणि मी, माझी मीच, कागद-पेन काढून विचारलं की आवश्यक म्हणजे काय काय. त्याने सांगितलं आणि मी यादी केली. आजारपण. पाणी. गॅस. किल्ली. ती यादी मी ओट्यावरच्या फडताळाला आतून चिकटवली.

पहिल्या संध्याकाळी आईने नेहमीसारखं एक ताट वाढलं. मी दुसरं ताट घेतलं आणि ओट्याशी उभी राहून जेवायला लागले. तिने विचारलं, "ह्ये किती दिस?" हे यादीत बसतं का याचा मी विचार करत राहिले आणि तोवर ती बाहेरच्या खोलीत गेली.

दोन महिने. तुम्हाला वाटेल, एवढं काय, जेवण तर वेगळं. करून बघा. घरात एक माणूस आहे, तिच्या बांगडीविना हाताचा आवाजसुद्धा तुम्हाला ओळखता येतो, आणि तुम्ही तिला पाणी आलंय का एवढंच विचारू शकता. आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कमी व्हायला लागली. अर्धी भाकरी खायची, अर्धी झाकून ठेवायची. पोलकी सैल झाली. गुणगुणणं बंद झालं. रविवारी मात्र यायची, चपलांपाशी बसायची आणि दुसऱ्या बाईने धरलेल्या भजनाला तोंड मिटून मान हलवायची. मी देवाला विनवायचे की तिला पश्चात्ताप दे. मग विनवायला लागले की मला काहीतरी दे. मग काय मागावं तेच सुचेना.

मी पास्टरकडे तीनदा गेले. पहिल्यांदा तो प्रेमाने बोलला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो क्रूर दिसला असता तर सोपं झालं असतं. त्याने सांगितलं की मीच ढिली पडले तर आई आपला आत्मा गमावेल. दुसऱ्यांदा मी म्हणाले की ती जेवत नाही. तो म्हणाला की देह झिजला तरी चालेल, हट्ट झिजला पाहिजे. तिसऱ्यांदा मी त्याच्या पायाशी बसले. त्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "पत्र आण. पत्राशिवाय मी तरी काय करणार, मीही नियमाखालीच आहे." मंडळीतले एक ज्येष्ठ होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांच्याकडे गेले तर त्यांनी हात जोडले. मला मधे घेऊ नकोस, मुलाचं लग्न ठरायचंय, परवानगी अडेल.

शेवटी पास्टरच्या बायकोकडे गेले. ती शेंगा मोडत बसली होती. तिने माझं सगळं ऐकलं आणि आतल्या दाराकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाली, "तू लिहून टाक. ते कागद बघतात." आणि पुन्हा शेंगा मोडायला लागली.

मी आधी आईला विचारलं होतं. यादी बाजूला ठेवून विचारलं, पत्र देतेस का. ती म्हणाली की भावाला दिलेला शब्द ती खोटा म्हणणार नाही. कावळ्यात भाऊ होता का नव्हता हे तिला माहीत नाही, देवाला माहीत. "पर मी बोलले ती दादाला. सैतानाला न्हाई बोलले." तिची मानही हलली नाही.

तर मी लिहिलं. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना, चांगल्या कागदावर. सांगायला लाज वाटते, पण पेन अडखळलं नाही. बारा वर्षं हेच करत होते. 'मी खाली अंगठा करणार, स्वखुशीने लिहून देते की, मी मृत माणसाशी बोलण्याचे पाप केले. तेथे आला तो माझा भाऊ नव्हता, मला फसवण्यास आलेला दुष्ट आत्मा होता. मी दिलेला शब्द सैतानास दिलेला होता आणि तो मी आज मोडत आहे.' दुकानातलंच स्टॅम्प पॅड पर्समध्ये टाकलं. घरी येऊन कागद दुमडून फक्त खालची रिकामी जागा पुढे केली आणि सांगितलं की रेशनकार्डाचं हमीपत्र आहे. मी आणलेल्या सगळ्या कागदांवर तिने असाच अंगठा दिला होता. तिने पदराला बोट पुसलं, पॅडवर टेकवलं आणि मी दाखवलं तिथे दाबलं. मग रेशन हे यादीत नसतानाही मी बोलले म्हणून ती जराशी हसली.

मला वाटलं होतं की पत्र पास्टरच्या खिशात जाईल. आईला मी सांगितलं की त्याने माफ केलंय, एक प्रार्थना होईल आणि झालं. रविवारी ती पुढच्या रांगेत येऊन बसली. पास्टरने पत्र काढलं, चष्मा शोधला, आणि मग माझ्याकडे दिलं. तुझं वाचन स्वच्छ आहे, तूच वाच.

मी वाचलं. मधे थांबता आलं असतं. थांबले नाही. दुष्ट आत्मा हे शब्द आले तेव्हा आईने मान वर केली. सैतानास दिलेला शब्द, इथे ती उभी राहिली. शेडमध्ये सगळ्यांना वाटलं की पश्चात्तापाने उभी राहिली, दोन-तीन बाया रडायला लागल्या. पास्टरने विचारलं की हे तुमचंच आहे ना.

आई माझ्याकडे बघत राहिली. तिने नुसतं नाही म्हटलं असतं तर चपलांपाशी मी बसले असते, कदाचित त्याहून वाईट झालं असतं. हे तिला कळलं. मला ते तिच्या डोळ्यांत कळताना दिसलं.

"व्हय," ती म्हणाली. "अंगठा माझाच हाय."

सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. पास्टर म्हणाला, आई, घ्या. आणि तिने भजन धरलं. शेवटच्या कडव्यापर्यंत नेलं. तिचा आवाज नेहमीसारखाच लागला. मी इतकी रडले की माझ्यासाठीसुद्धा कोणीतरी प्रार्थना केली.

त्या संध्याकाळी मी एक ताट घेतलं, भाकरी मोडून मधे ठेवली आणि बसले. आईने आपलं दुसरं ताट वाढून घेतलं. ती उंबऱ्यावर पाठ करून बसली. "तुला माझ्यासंगं जेवायला परवानगी मिळाली," ती म्हणाली. "आता मी देते का बघू."

मी पाया पडले. कारणं सांगितली, तू वाळत चालली होतीस, मला बघवत नव्हतं. ती ऐकून घ्यायची आणि उठून भांडी घासायला लागायची. रविवारी मात्र ती साडीला इस्त्री करायची आणि माझ्याआधी तयार असायची. मला ते कळत नव्हतं. आता एवढंच कळतं की तिच्याकडे उरलेलं तेवढंच होतं.

दोन आठवड्यांनी भाऊबीज आली. सकाळी मामीचा फोन. वन्सं, येताय ना, ह्यांचा फोटो काढून ठेवलाय पाटावर. आई म्हणाली, जमायचं न्हाई. फोन ठेवला आणि दारातल्या खुर्चीपाशी जाऊन खाली जमिनीवर बसली. मी म्हणाले, चल, आत्ता निघू, कान्ह्याला उतरून जीप करू, कोणाला कळणार नाही, आणि कळलं तर कळलं.

"समद्यांम्होरं मोडलाय त्यो शबूद," ती म्हणाली. "आता कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्या दारात."

मी सांगितलं की तू नाही मोडलास, मी मोडला, तुझ्या अंगठ्याने. ती म्हणाली की व्हय म्हणणारं तोंड तर तिचंच होतं. संध्याकाळपर्यंत ती तिथून उठली नाही. मी तिच्यासमोर बसून होते. मला जगावंसं वाटत नव्हतं, इतकं सरळ सांगते. त्या दिवशी मी ठरवलं की हे सगळं उलटं फिरवायचं. खरं काय ते सगळ्यांसमोर सांगायचं. शब्द मोडला तो आईने नाही, हे साठ माणसांना कळलं की तिला मामाच्या दारात जाता येईल. बाकी माझं काय व्हायचं ते होवो. मी आईला विचारलं नाही. विचारायचं असतं हे मला सुचलंच नाही.

रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे कोणीही उठून आपला अनुभव सांगायचा तेव्हा, मी उभी राहिले आणि सगळं बोलले. पत्र माझं, शब्द माझे, रेशनचा कागद म्हणून अंगठा घेतला, आईला काही माहीत नव्हतं. मला वाटलं पास्टर ओरडेल. तो ओरडला नाही, तो कधीच ओरडायचा नाही. तो आईकडे वळला.

"मी विचारलं, हे तुमचंच आहे ना. तुम्ही हो म्हणालात."

"अंगठा माझाच व्हता," आई म्हणाली.

"कबुली तुमची नाही हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"व्हय," आई म्हणाली.

त्याने मान हलवली, एखाद्या कागदात चूक सापडल्यावर कारकून हलवतो तशी. मग निकाल सांगितला. मी स्वतःहून कबूल केलं म्हणून मला सहा महिन्यांची शिस्त. आई देवाच्या घरात, देवासमोर जाणूनबुजून खोटं बोलली, शिवाय मूळ पापाचा पश्चात्ताप तिने कधी केलाच नव्हता, म्हणून तिचं नाव मंडळीतून कमी. पुन्हा इथे यायचं नाही. मी म्हणाले की लिहिलं मी, शिक्षा मला द्या. तो म्हणाला, तुझी तुला दिली आहे. नियमात ते अगदी चोख बसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादा नियम चोख बसला आणि मला बरं वाटलं नाही.

आई उठली. रेल्वेतले ज्येष्ठ दारापाशी होते, त्यांनी खाली बघत दार धरलं. आई चपला शोधत होती. आता पुढे बसायची ना, त्यामुळे चपला ढिगाच्या खाली गेल्या होत्या. कोणी शोधून दिल्या नाहीत. मी तिच्या मागे बाहेर आले. आत दुसऱ्या बाईने भजन धरलं, तिला ते उंच पट्टीत लागलं, आणि आई क्षणभर थांबून ऐकत राहिली.

आम्ही रस्त्याने चालायला लागलो. ऊन पडलं होतं, ड्यूक्स नोजच्या कड्याकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या एकामागे एक जात होत्या. मला हलकं वाटत होतं. हे लिहायला हात जड होतो, पण खरंच हलकं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या तोंडावर काही बोलले होते. मी तिच्या बरोबरीने चालत म्हणाले की आई, बरंच झालं, सुटलो एकदाचे. आता परवानगी नको की वही नको. पुढच्या रविवारी मामाकडे जाऊ.

आई थांबली. रस्त्याच्या कडेला सरकली, गाडी जाऊ दिली.

"तू सुटलीस," ती म्हणाली. "दादाचं दार तू लावलंस. आन् आता ह्ये बी. मला तितं गाणं म्हणायचं व्हतं. मला सोडव म्हणून तुला सांगितलं व्हतं का मी?"

नव्हतं सांगितलं. मी तसं म्हणालेही. ती ऐकायला थांबली नव्हती, पुढे निघाली होती.